पुढचे ब्रेक मोठे करतोय, लाइनमधली हवा घरीच काढायची आहे

खटपट्या

मंडळी, ब्रेकच्या कामात हात घालतोय. त्याआधी जाणकारांकडून बेत तपासून घ्यावा म्हणून हा धागा.

गाडी छोटी हॅचबॅक. पुढे सॉलिड डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. रोजच्या वापरात तक्रार नाही. पण पाच माणसं आणि सामान भरून मोठा घाट उतरलो की तळाशी येईपर्यंत पेडल खोल जायला लागतं, पायाला मऊ लागतं. गाडी थोडा वेळ उभी केली की पुन्हा जिथल्या तिथे.

याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला पुढे व्हेंटिलेटेड डिस्क आणि मोठं कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) येतं. बोल्टची भोकं जुळतात, हे मोजून झालंय. डिस्क २३६ऐवजी २५६ मिमी, पिस्टन ४८ऐवजी ५४ मिमी. सोबत स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या). पार्ट घरी येऊन पडलेत, त्यामुळे 'घेऊ नका' या सल्ल्याची वेळ गेली. :)

क्लच, सस्पेंशन वगैरे कामं घरी करतो. ब्रेकची लाइन मात्र कधी उघडलेली नाही. काय काय बघू? कुठली चाकं आधी? एबीएसला स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लागेल का?

वंगण

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

खटपट्या

गाडी सेकंडहँड घेतली. मी बदललेलं नाही, आधीच्या मालकाने बदलल्याची नोंद नाही. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत बघितलं तर काळपट तपकिरी दिसतंय.

वंगण

मग तुमचा अर्धा आजार तिथेच आहे.

उतारावर ब्रेक दोन तऱ्हेने दगा देतात. पेडल टणक राहतं, जीव खाऊन दाबलं तरी गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा पॅड तापलेले असतात. पेडलच मऊ होऊन खोल जातं, तेव्हा ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही वर्णन केलंय ते दुसऱ्या तऱ्हेचं आहे. गाडी थंड झाली की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि सगळं नीट वाटतं, म्हणून माणूस फसतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, अगदी रबरी होजच्या भिंतीतूनसुद्धा. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाची किमान मर्यादा १५५वर येते. डॉट ३चे हेच आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१चे २६० आणि १८०. जुन्या ऑइलवर नवं मोठं कॅलिपर लावलंत तरी वाफ व्हायची ती होणारच.

मी तुमच्या जागी असतो तर आधी फक्त ऑइल आणि चांगले पॅड बदलून तोच घाट उतरून बघितला असता. पण पार्ट येऊन पडलेत म्हणताय, तर चालू द्या.

शंकासुर

एवढा खटाटोप कशाला? मोठे ब्रेक लावले की गाडी कमी अंतरात थांबते, हे सरळ आहे ना?

गुरुत्वमध्य

नाही, इथेच सगळे घसरतात. जोरात ब्रेक मारल्यावर तुमचा एबीएस थरथरतो ना? म्हणजे आत्ताचे ब्रेकसुद्धा टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर लावू शकतात. गाडी शेवटी टायरच थांबवतो. एकदाच मारलेल्या ब्रेकचं अंतर कमी करायचं असेल तर पैसे टायरमध्ये घाला.

मोठ्या डिस्कचा फायदा उष्णतेत आहे. हिशेब करून बघा. १२०० किलोची गाडी ताशी १०० किमी वेगाने जात असेल तर तिच्यात साधारण ४६३ किलोज्यूल ऊर्जा असते. त्यातली ७० टक्के पुढच्या चाकांवर जाते असं धरलं, तर एका डिस्कच्या वाट्याला १६२ येतात. डिस्क साडेतीन किलोची असेल तर एका थांब्यात ती सुमारे १०० अंशांनी तापते, पाच किलोची असेल तर ७० अंशांनी.

आता घाट. तीच गाडी ६०० मीटर खाली उतरली तर सुमारे ७ मेगाज्यूल मोकळे होतात. १०० वरून पूर्ण थांबण्याच्या पंधरापट! इंजिन आणि हवा त्यातला काही भाग खातात, उरलेला डिस्कला झेलावा लागतो. व्हेंटिलेटेड डिस्क मधल्या पोकळीतून हवा खेळवून तो बाहेर टाकते. म्हणून खटपट्यांचा बेत चुकीचा नाही, फक्त अपेक्षा नीट ठेवा. आणि खालच्या गिअरमध्ये उतरा, ते फुकट आहे.

अवांतर: १९५३ची चोवीस तासांची ले मां शर्यत जग्वार सी-टाइपने जिंकली ती डिस्क ब्रेक लावून. ड्रमवाल्या गाड्यांचे ब्रेक तासन्‌तास तापून मंदावायचे, याचे लॅपमागून लॅप तसेच राहिले.

शंकासुर

बरं. मग छिद्रं पाडलेली डिस्क अजून चांगली ना? दिसतेही भारी.

गुरुत्वमध्य

दिसते, बाकी काही नाही. छिद्रं पाडली की तापणारं लोखंड कमी होतं आणि छिद्रांच्या कडेने तडे जायला सुरुवात होते. रस्त्यावरच्या गाडीला साधी, सपाट, चांगल्या ओतकामाची डिस्क लावा.

दहाचा पाना

कामाचं बोलूया. बसवण्याआधी काही गोष्टी बघून घ्या, मी हे काम बऱ्याच गाड्यांवर केलंय.

आधी चाक. २५६ची डिस्क आणि तिचं कॅलिपर तुमच्या रिममध्ये मावतं का? वरच्या व्हेरियंटला रिमही मोठी असेल. नुसतं व्यासाचं बघू नका, कॅलिपरचं बाहेरचं पोट रिमच्या आऱ्यांना घासतं का तेही बघा. डिस्क-कॅलिपर नुसतं बोल्टवर टेकवा, चाक चढवा, हाताने पूर्ण गोल फिरवा. तीनेक मिमीची फट सगळीकडे हवी. स्टेपनीसुद्धा चढवून बघा. ती लहान रिमची असते आणि पंक्चर झाल्यावर रात्री कळतं की बसतच नाही. डिस्कमागचा धूळपत्रा नव्या डिस्कला घासत असेल तर तोही वरच्या व्हेरियंटचाच लागेल.

दुसरं पिस्टन. ४८चा ५४ झाला म्हणजे क्षेत्रफळ जवळपास २७ टक्क्यांनी वाढलं. तेवढंच जास्त ऑइल ढकलावं लागणार, म्हणजे पेडल आधीपेक्षा खोल जाणार. ते हवेमुळे नसेल, भूमितीमुळे असेल. वरच्या व्हेरियंटचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा पंप) वेगळ्या मापाचा आहे का ते पार्ट नंबरवरून तपासा. शिवाय पुढचा जोर वाढला की पुढची चाकं लवकर लॉक व्हायला बघतात आणि मागच्या ब्रेकचा वाटा वाया जातो. तुमच्याकडे एबीएस आहे आणि जोडणी कंपनीचीच आहे, म्हणून निभावेल. एबीएस नसलेल्या गाडीवर मनाला येईल ते कॅलिपर लावलं तर थांबायचं अंतर उलट वाढू शकतं.

तिसरं, हबचा गंज. जुनी डिस्क काढली की हबच्या तोंडावर गंजाची खपली दिसेल. तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा. तिथे कण राहिला तर डिस्क तिरकी बसते. कडेला ०.१ मिमी डगमग असली तरी काही हजार किमीनंतर पेडल पायाखाली थरथरायला लागतं, आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने धुऊन टाका.

उताणं कासव

वाचनखूण साठवली. कॅलिपर ज्यावर सरकतं त्या स्लाइड पिनला कुठलं ग्रीस लावायचं? माझ्याकडे बेअरिंगचं ग्रीस पडून आहे.

वंगण

अजिबात लावू नका. ब्रेकमधलं रबर ईपीडीएम जातीचं असतं. पेट्रोलियम ग्रीस लागलं की ते फुगतं, पिन जाम होते आणि एकाच बाजूचा पॅड झिजतो. सिलिकॉन किंवा ब्रेकसाठीचं सिंथेटिक ग्रीस घ्या. ऑइल भरायलाही इंजिन ऑइल लागलेलं नरसाळं वापरू नका. मास्टर सिलिंडरपासून मागच्या चाकापर्यंतचे सगळे सील त्याने खराब होतात.

खटपट्या

वाहवा, खजिना आहे. चाक मावतंय, तपासलं. स्टेपनी बसत नाहीये, दुसरी रिम बघतो. मास्टर सिलिंडरचा पार्ट नंबर दोन्ही व्हेरियंटना एकच निघाला.

आता हवा काढायचं सांगा.

दहाचा पाना

गाडी सपाट जागी. मागच्या चाकांना ओट लावा, पुढून उचलून जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही.

होज सोडण्याआधी एक युक्ती. पेडल तीनचार सेंटिमीटर दाबून काठीने सीटला टेकवून ठेवा. मास्टर सिलिंडरचं डबीकडचं भोक बंद होतं आणि उघड्या पाइपातून धार लागत नाही, नुसतं ठिबकतं. ब्रेकलाइट जळत राहतील, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह सोडून ठेवा.

धातूच्या पाइपाचं नट साध्या तोंडाच्या पान्याने सोडू नका, कोपरे गोल होतात. फ्लेअर नटचा पाना घ्या, तो पाच बाजूंनी धरतो. कॅलिपरकडे बँजो बोल्ट (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर, प्रत्येक वेळी नवे. जुनं कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचं नाही, तारेने स्प्रिंगला अडकवा. जाळीचा होज पीळ न पडता बसला पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा, कुठे ताणतोय किंवा टायरला लागतोय का.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ब्लीडर निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) वरच्या बाजूला आहे ना? डावं-उजवं कॅलिपर उलटसुलट बसतं, बोल्ट जुळतात, फक्त निपल खाली येतं. हवा वर साठून राहते. मग लिटरभर ऑइल ओता नाहीतर दहा लिटर, पेडल स्पंजीच.

हवा काढताना दोन माणसं सगळ्यात बरी. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडवलेलं. आतला माणूस 'दाबलं' म्हणतो आणि पाय तसाच ठेवतो, बाहेरचा निपल पाव आटा सोडतो, पेडल खाली जातं, बाहेरचा निपल आवळून 'सोड' म्हणतो. 'सोड' ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा उलटी आत येते. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. दर सहा-सात दाबांनंतर डबीत ऑइल घाला. पातळी खालच्या खुणेखाली गेली की हवा एबीएसच्या युनिटपर्यंत जाऊ शकते, आणि मग स्कॅनरने त्याचे व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय ती निघत नाही. फक्त पुढचे होज उघडलेत आणि डबी रिकामी झाली नाही, तर सहसा स्कॅनर लागत नाही.

वंगण

एक भर. जुन्या गाडीत पेडल जमिनीपर्यंत हाणू नका. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील रोज पोचत नाही तिथे गंजाचा खरखरीतपणा असतो, त्यावर सील गेलं की फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

चाकोरी

क्रम कोणता पण? मी 'मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबचं चाक आधी' असं शिकलो. उजवीकडे स्टिअरिंग असेल तर मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

दहाचा पाना

जुन्या गाड्यांना तेच. पण पुढच्या चाकाने गाडी ओढणाऱ्या बऱ्याच गाड्यांत लाइन तिरप्या असतात, पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर. काही कंपन्या सुरुवातच पुढच्या चाकाने करायला सांगतात. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच करायचं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

चाकोरी

मान्य. पण पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलायचा तर निपल उघडून ढकला, हे नक्की लिहा. नाहीतर कॅलिपरमधला गाळ उलटा एबीएसमध्ये जातो.

वंगण

यावर माझं मत वेगळं आहे. दर दोन वर्षांनी ऑइल बदललं तर तो गाळ मुळात होतच नाही. नुसते पॅड बदलताना लाइन उघडून हवा आत घ्यायची जोखीम मी घेत नाही. डबी काठोकाठ असेल तर थोडं ऑइल आधी उपसून ठेवतो, एवढंच. हां, ऑइल काळं झालेलं असेल तर चाकोरींचं बरोबर. खटपट्यांना दोन्हीची गरज नाही, कॅलिपरच नवीन आहे.

शंकासुर

व्हॅक्युमचा हातपंप मिळतो की. एकट्याने काम होतं.

दहाचा पाना

होतं. पण निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे येतच राहतात. माणूस तासभर हवा काढत बसतो, जी लाइनमध्ये नसतेच. शेवटचे दोनचार दाब पायानेच मारावेत. डबीवर बसणारा प्रेशर पंप असेल तर एक बारच्या आसपास ठेवा, तो त्यापेक्षा बरा.

मागच्या ड्रमची निपलं वर्षानुवर्षं हललेली नसणार. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सहा कोनी रिंग पाना लावा, आधी किंचित आवळून मग सोडा. मोडलं तर सिलिंडर बदलण्यावर जातं.

मंजुळा

मी फक्त वाचते इथे, पण एक विचारते. ऑइल रंगावर सांडलं तर?

वंगण

ताई, लगेच भरपूर पाणी ओता. पुसू नका, आधी पाणी. रंगाचा थर ते सोलून काढतं, पण पाण्यात विरघळतं. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

खटपट्या

काम झालं. निपल वर आहेत :) सगळं मॅन्युअलच्या टॉर्कने आवळलं. चारही चाकांतून ताजं डॉट ४ येईपर्यंत ऑइल बदललं, मागच्यातून तर गढूळ चॉकलेटी निघालं. नळीत एकही बुडबुडा नाही.

पण पेडल समाधानकारक नाही. इंजिन बंद असताना पहिल्या दाबाला निम्म्याहून खाली जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि टणक होतं. गाडी अजून रस्त्यावर नेलेली नाही. हवा राहिलीय का?

दहाचा पाना

गळती कुठे नाही ना? बँजोभोवती कोरडा कागद फिरवून बघा. शिवाय नवीन कॅलिपर आहे, पिस्टन पॅडला टेकायला सुरुवातीचे काही दाब लागतात.

खटपट्या

कागद कोरडा. पिस्टन टेकलेत. दर वेळी पहिला दाब खोलच, मध्ये मिनिटभर थांबलं की पुन्हा तेच.

वंगण

पेडल काय सांगतंय ते ऐका. हवा असती तर दुसऱ्या दाबालाही टोकाला लुसलुशीत लागलं असतं. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली बुडत असतं तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलं म्हटलं असतं. तुमचं दुसऱ्या दाबाला टणक होतं आणि तिथेच राहतं. म्हणजे पहिला दाब कुठलं तरी अंतर भरण्यात खर्च होतोय.

हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. पहिल्याच दाबाला वर लागलं तर मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ड्रमपासून लांब आहेत.

खटपट्या

वंगणकाका, दंडवत! हँडब्रेक ओढला तर पहिल्याच दाबाला पेडल वर आणि टणक.

दोन्ही ड्रम उघडले. लायनर चांगले जाड आहेत, पण लायनर झिजतील तसा आपोआप सरकणारा अॅडजस्टर दोन्हीकडे गंजून बसलेला. दातेरी चक्र हाताने फिरतच नव्हतं. साफ करून आटे मोकळे केले, किंचित उच्च तापमानाचं ग्रीस लावलं. मग ड्रम फिरवताना हलकी घसट ऐकू येईपर्यंत लायनर बाहेर आणले. आता पेडल तिसऱ्या हिश्श्यालाच धरतं. हँडब्रेकची दोरीही नव्याने जुळवावी लागली, आधी कुणीतरी लायनरऐवजी दोरीच ताणून ठेवली होती.

दहाचा पाना

ही दोरी ताणायची खोड सगळीकडे दिसते. आधी अॅडजस्टर, मग दोरी.

आता नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्या. आधी मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगात चारपाच वेळा थांबून खात्री करा, मगच रस्ता. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर ६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये थोडं अंतर चालवत. पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला तर त्याचा थर डिस्कवर तिथेच चिकटतो आणि पेडल थरथरतं. शेवटी ब्रेक न लावता काही किमी चालवून थंड होऊ द्या. थोडा वास येईल, घाबरू नका.

खटपट्या

तेही झालं. नंतर भरलेली गाडी घेऊन तोच घाट उतरलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. तळाशी पेडल घाटमाथ्यावर होतं तसंच.

शंकासुर

म्हणजे कॅलिपरमुळे, ऑइलमुळे, अॅडजस्टरमुळे की गिअरमुळे?

गुरुत्वमध्य

सगळं एकदम बदललं की ते कळायचा मार्ग नसतो. माझा पैसा ऑइल आणि गिअरवर.

उताणं कासव

माझी गाडी हायब्रिड आहे. हेच सगळं लागू का?

दहाचा पाना

नाही. काही हायब्रिडमध्ये नुसतं दार उघडलं तरी ब्रेकचा पंप स्वतःहून चालू होतो. लाइन उघडी असताना तो सुरू झाला तर ऑइल बाहेर आणि हवा आत. पॅड उघडलेले असले तर पिस्टनही बाहेर येईल, बोट मध्ये असलं तर चिरडेल. त्यात स्कॅनरने ब्रेक दुरुस्तीच्या मोडमध्ये टाकल्याशिवाय हात घालायचा नसतो. हे काम त्या गाडीची माहिती असलेल्याकडेच द्या.

मंजुळा

आणि जुनं ऑइल कुठे टाकायचं? गटारात नको ना?

वंगण

नको, झाडाच्या मुळाशीही नको. झाकणाच्या बाटलीत भरून, वर नाव लिहून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका, वेगळं ठेवलं तरच घेतात. डब्यात उरलेलं ताजं ऑइलही सील फुटल्यावर पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. ते झाकणाआडही पाणी ओढत राहतं.